निळ्याखालचा लाल

मी एक फळा बोलतोय. खडूने लिहायचा काळा नव्हे, पेनाने लिहायचा पांढरा. पांढरा हे आता नावापुरतंच राहिलंय म्हणा. अंगावर इतके फिकट निळे-लाल डाग आहेत की नवा माणूस आधी फडकं शोधतो आणि मग माझ्याकडे बघतो. पूर्वी मला त्याची फार लाज वाटायची. आता वाटत नाही. का वाटत नाही, तेच सांगायला बसलोय. बसलोय म्हणजे टांगलेला आहे.

माझा जन्म बेंगळुरूच्या पीन्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. भुशाच्या फळीवर गुळगुळीत पांढरा थर चिकटवला, चारी बाजूंनी ॲल्युमिनियमची पट्टी ठोकली, की झालो तयार. त्याच शेडमध्ये भट्टीत भाजलेल्या पत्र्याचे महागडे फळेही बनत. त्यांच्यावरचं लिखाण एका हातात साफ निघे. मी स्वस्तातला. माझ्यावर लिहिलेलं थोडंसं अंगात मुरतं. जन्मखोडच ती, तिला कोण काय करणार!

पहिली तीन वर्षं इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत काढली. दर सोमवारी कुणीतरी येऊन माझ्यावर चौकोन आणि बाण काढी, एका कोपऱ्यात 'तातडीचं' असं लिहून त्याखाली तीन रेघा ओढी. पुढच्या सोमवारी ते पुसून तेच पुन्हा लिही. माणसांची एक सवय मी तिथेच पाहिली. लिहिण्याआधी पेन चालतंय का हे बघायला प्रत्येक जण कोपऱ्यात एक गिरगोटा काढतो, आणि तो पुसायला हटकून विसरतो. एक दिवस कंपनीने मजला रिकामा केला. खुर्च्या गेल्या, टेबलं गेली, मला मात्र लिफ्टशेजारी भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि विसरून गेले. दोन महिने मी नुसता भिंतीचा रंग बघत होतो.

तिथून मला श्रीधररावांनी सोडवलं. श्रीधरराव बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातले. चार पिढ्या इथेच गेल्या, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कन्नड. त्यांच्या संस्थेत फळा हवा म्हणून अर्ज केला होता, तो टेबलाटेबलावरून फिरत होता. त्या कंपनीत असलेल्या भाच्याकडून माझी खबर लागली तशी त्यांनी अर्जाची वाट बघणं सोडलं आणि स्वतःच रिक्षा घेऊन आले. अर्धा मी आत, अर्धा बाहेर. सगळं शहर ओलांडून हेब्बाळपर्यंत ते मला दोन्ही हातांनी कवटाळून बसले होते.

"अण्णा, स्वल्प हळू घ्या हो," ते रिक्षावाल्याला सारखे सांगत, "आमच्या घरचं माणूस आहे."

"सरी सर, सरी," रिक्षावाला म्हणे, म्हणजे बरं, बरं, आणि तेवढ्याच वेगाने नेई. आमच्या घरचं माणूस! ते ऐकून मला काय वाटलं ते काय सांगू. आयुष्यात मला कुणी असं म्हटलं नव्हतं.

संस्था खगोलशास्त्राची होती. मला वाटलं, इथे मोठ्या दुर्बिणी असतील. कसलं काय! दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन फोन, तीन संगणक, आणि खिडकीतून दिसणारं हेब्बाळचं तळं. दुर्बिणी सगळ्या दूरदूर. एक लडाखच्या डोंगरावर, रेडिओ लहरी टिपणाऱ्या काही मोठाल्या तबकड्या पुण्याच्या पलीकडे शेतांमध्ये, आणि काही तर आभाळात फिरणाऱ्या उपग्रहांवर. श्रीधररावांचं काम एवढंच की या सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच जागी बघायचं, असं जुळवून आणायचं.

सोपं वाटतं ना? खोली झाडायला येणाऱ्या गंगव्वालाही तसंच वाटे. ती सीमाभागातल्या चिकोडीकडची, मराठी आणि कन्नड दोन्ही अस्खलित. एकदा तिने विचारलंच, "अण्णा, रोज फोनवर एवढं काय गयावया करतासा हो लोकांना?"

श्रीधरराव हसले. "गंगव्वा, समज, शेजारच्या घरात चुलीवर काहीतरी शिजतंय. दार बंद आहे. तुला शिट्टी ऐकू येते, मला वाफ दिसते, तिसऱ्याला वास येतो. तू सोमवारचं सांगितलंस, मी बुधवारचं सांगितलं, तर आत काय शिजतंय ते कळेल काय?"

"कसं कळंल? रोज येगळी भाजी असतीया."

"तेच की. तिघांनी एकाच वेळी कान, डोळे, नाक लावायला पाहिजे. तेवढ्यासाठी गयावया."

तर माझ्यावर पाच रकाने आखले गेले: रेडिओ, दृश्य प्रकाश, अतिनील, क्ष-किरण आणि गॅमा. गॅमा म्हणजे सगळ्यांत जोरकस प्रकाश, डोळ्यांना कधीही न दिसणारा. आभाळातल्या एखाद्या दूरच्या दीर्घिकेच्या पोटातून तो उसळला, की पहारा देणारा उपग्रह खबर पाठवी आणि खोलीत एकच धांदल उडे. एका घटनेची एक ओळ. ज्या दुर्बिणीने ठरल्या वेळी खरोखर बघितलं तिच्या रकान्यात एक बरोबरची खूण.

आणि एक नियम होता, श्रीधररावांनी स्वतः घातलेला. लाल पेनाने लिहिलेली वेळ जगाची, म्हणजे सगळ्या दुर्बिणी जिच्यावर चालतात ती. निळ्या पेनाने लिहिलेली आपली, घड्याळातली. दोन्हींत साडेपाच तासांचं अंतर. ओळ लिहून झाली की ते माझा फोटो काढून सगळ्या दुर्बिणींवरच्या माणसांना पाठवत. त्या फोटोवर सगळे डोळे झाकून विश्वास ठेवत. फोटो काढताना ते मला म्हणत, "सरळ उभा राहा बघू." जसा काही मी वाकडा उभा राहणार होतो!

नऊ वर्षं मी त्या भिंतीवर होतो. नऊ वर्षं होत आली तरी पाचही खुणांची ओळ एकदाही झाली नव्हती. कधी लडाखला ढग आले, कधी उपग्रह दुसरीकडे वळलेला, कधी पुण्याकडच्या तबकड्या दुरुस्तीला काढलेल्या. चार खुणांपर्यंत मजल जाई आणि उरलेल्या रकान्यात श्रीधरराव एक आडवी रेघ ओढत. रेघ ओढून झाली की ते पेनाचं टोपण दोनदा लावून बघत.

मग नीला आली. मूळची सांगलीची, पुण्यात शिकलेली, पीएच.डी. करायला इथे आलेली. पहिल्या दिवशी ती श्रीधररावांशी इंग्रजीत बोलत होती. त्यांनी मध्येच "चहा घेणार काय?" असं विचारलं आणि ती एकदम रडायलाच लागली. तीन आठवड्यांत कुणी मराठीत बोललं नव्हतं म्हणे. श्रीधरराव इतके घाबरले की त्यांनी तिला दोन चहा पाजले.

नीलाचा एकच प्रश्न होता. तिने अभ्यासाला घेतलेल्या एका दूरच्या दीर्घिकेच्या मध्यभागी कृष्णविवर आहे आणि त्याच्यातून एक झोत थेट आपल्या दिशेने येतो. त्या झोतातला गॅमा प्रकाश आणि बाकीचा प्रकाश एकाच ठिकाणाहून निघतो की वेगवेगळ्या? एकदम वाढले, एकदम कमी झाले, तर घर एक. त्यासाठी पाचांनी एकाच वेळी बघायला हवं. तिचा सगळा प्रबंध लिहून झाला होता, शेवटचं प्रकरण तेवढं कोरं होतं. आणि ती दीर्घिका चार वर्षं चिडीचूप. नीला रोज सकाळी येऊन आधी उपग्रहाची नोंद बघे, मग माझ्याकडे बघे आणि म्हणे, "आजपण झोपलीये."

यंदाच्या फेब्रुवारीत दोन गोष्टी एकदम आल्या. शुक्रवारी श्रीधरराव निवृत्त होणार होते. त्यांच्यामागून मीही जाणार होतो, माझ्या जागी मोठा पडदा यायचा होता. आणि त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी नीलाची दीर्घिका जागी झाली.

काय ते दोन दिवस! फोनला उसंत नाही. नीलाच्या शिष्यवृत्तीचे दोन महिने उरले होते. ही संधी गेली तर दीर्घिका पुन्हा कधी जागी होईल याचा काही नेम नव्हता, आणि प्रबंध त्या प्रकरणावाचूनच द्यावा लागला असता. बुधवारी संध्याकाळपर्यंत सगळे राजी झाले. गुरुवारी संध्याकाळी अंधार पडता पडता लडाखची दुर्बीण उघडेल, त्याच वेळी दुसऱ्या एका उपग्रहाचे क्ष-किरण आणि अतिनील बघणारे दोन्ही डोळे तिकडे वळतील, पुण्याच्या तबकड्याही वळतील. गॅमाचा पहारेकरी तर सदाचाच जागा. श्रीधररावांनी लाल पेनाने वेळ लिहिली, १३:००. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसहा.

त्याच संध्याकाळी गंगव्वा बाटलीत स्पिरिट घेऊन आली. "हापिसातनं सांगितलंय, ह्यो फळा लई डागाळलाय, उद्या पाव्हणं येणार, चकचकीत कर म्हणून."

मी मनातून सुखावलो. निरोपाच्या दिवशी तरी स्वच्छ दिसेन! पण श्रीधररावांनी हात आडवा केला. "नको गंगव्वा. ही ओळ होऊ दे आधी. मग आंघोळ घाल त्याला." मला तेव्हा थोडं वाईटच वाटलं.

गुरुवारी सकाळी उपग्रहवाल्यांचा फोन आला. त्यांना तासभर उशीर होणार होता, म्हणजे सगळ्यांनाच तासभर पुढे सरकायला हवं. श्रीधररावांनी १३:०० पुसलं आणि १४:०० लिहायला लाल पेन टेकवलं, तर पेन वाळलेलं. झटकलं, हातावर घासलं, काही नाही. दुसरं लाल पेन शोधलं, मिळालं नाही. इतक्यात खालून बोलावणं आलं. निरोपाचा फोटो काढायचा होता, संचालक ताटकळले होते. श्रीधरराव क्षणभर थांबले. मग त्यांनी निळं पेन उचललं, १४:०० लिहिलं, माझा फोटो काढून पाठवला आणि "येऊन रंग बदलतो" असं पुटपुटत खाली गेले.

माझ्या अंगावर काटा आला. निळे चौदा! म्हणजे आपले दुपारचे दोन!

लडाखवाल्यांना ते कळणारच होतं. दुपारी दोनला सूर्य डोक्यावर, कोण दुर्बीण उघडेल? उपग्रहवाल्यांनी तर वेळ स्वतःच दिलेली. पण पुण्याच्या तबकड्या! रेडिओ लहरींना ऊन काय आणि अंधार काय. दीर्घिका दुपारीही आभाळात असते, फक्त दिसत नाही. त्यांना दोन सांगितले तर ते दोनलाच बघून मोकळे होतील आणि संध्याकाळी तबकड्या दुसऱ्या कुणाच्या कामाला लागतील. पुन्हा एक रकाना रिकामा. आणि या वेळची ती आडवी रेघ श्रीधररावांच्या स्वतःच्या हातची.

मला ओरडावंसं वाटलं. पण फळ्याला तोंड कुठे असतं? त्याच्यावर जे लिहितात तेच त्याचं बोलणं. नीला खोलीत होती, पण तिला वेळ तोंडपाठ होती. तिने आकडे वाचले, रंग पाहिला नाही. मी मुकाट्याने घड्याळ बघत राहिलो. बारा वाजले. एक वाजला. खालून टाळ्यांचे आवाज येत होते.

दीडला फोन वाजला. पुण्याकडचा यशोवर्धन होता, तबकड्या चालवणारा. नीलाने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, म्हणून मलाही सगळं ऐकू आलं.

"नीला, आम्ही दोनला स्टार्ट करतोय, सगळं सेट आहे."

"काय? दोनला?" नीला ओरडलीच. "दोनला नाही, साडेसातला!"

"थांब, म्हणूनच फोन केला. मी आत्ताच पाळीवर आलो, कालचं काही मला माहीत नाही, हातात फक्त हा फोटो. फोटोत चौदा निळ्याने लिहिलंय, म्हणजे आपले दोन. पण मी झूम केलं, तर त्या निळ्याखाली काहीतरी फिकट लाल दिसतंय. तेरा आहे बहुतेक. म्हटलं, सर आधी लाल लिहून नंतर निळं का लिहितील? त्यांचं असं कधी होत नाही."

नीला माझ्याजवळ आली. अगदी जवळ, तिचा श्वास मला लागला. निळ्या चौदाखाली माझ्या अंगात मुरलेलं लाल तेरा तिने बोटाने चाचपलं.

ज्या डागांपायी मला जन्मभर नावं ठेवली, तेच माझं तोंड झालं होतं. नऊ वर्षांत मी पहिल्यांदा बोललो, आणि ते ऐकलं पुण्यापलीकडच्या एका माणसाने.

"यशोवर्धन, प्लीज, संध्याकाळी मिळेल का?"

"संध्याकाळचा स्लॉट फोटो बघून सकाळच्या पाळीने दुसऱ्यांना देऊन टाकलाय. त्यांना दुपारी घ्या म्हणून विनवतो. दहा मिनिटं दे."

ती दहा मिनिटं नीला उभीच होती. फोन वाजला तेव्हा तिने तो दोन्ही हातांनी उचलला. "झालं," यशोवर्धन म्हणाला, "बदलून दिला. साडेसात पक्कं. सरांना सांगू का?"

"नको," नीला पटकन म्हणाली. "अजिबात नको."

मग ती धावत शेजारच्या खोलीत गेली, कुणाचं तरी लाल पेन घेऊन आली, निळे आकडे पुसले आणि त्याच जागी लाल १४:०० लिहिलं. श्रीधररावांच्या अक्षरासारखं, तेवढंच तिरपं. सगळ्यांना नवा फोटो पाठवला. श्रीधरराव गळ्यात चंदनाचा हार घालून वर आले तेव्हा ती संगणकासमोर बसून काहीच झालं नसल्यासारखी वाचत होती.

"सगळं सरी आहे ना ग?" त्यांनी विचारलं.

"हो सर. सगळं सरी." निरोपाच्या गडबडीत रंग बदलायचं त्यांच्या ध्यानातूनच गेलं होतं.

संध्याकाळी साडेसातला खोलीत दोघंच होती. खिडकीबाहेर हेब्बाळच्या पुलावर गाड्यांची लांबच लांब रांग लागली होती. गॅमाची खूण आधीच झाली होती. उपग्रहाचा निरोप आला, श्रीधररावांनी क्ष-किरण आणि अतिनीलच्या रकान्यांत निळ्या पेनाने दोन खुणा केल्या. लडाखला आभाळ निरभ्र, चौथी खूण. आता रेडिओ. फोन वाजला आणि यशोवर्धन म्हणाला, "सर, तबकड्या तुमच्या दीर्घिकेवर आहेत. सिग्नल छान येतोय."

श्रीधररावांचं निळं पेन टोपण न लावल्यामुळे अडायला लागलं होतं. त्यांनी माझ्याखालच्या फळीवरचं दुसरं उचललं. ते लाल होतं. ते त्या पेनाकडे बघत राहिले. मग वेळेच्या आकड्यांकडे. मग पुन्हा पेनाकडे.

"नीला, हे लाल पेन कुठून आलं?"

"शेजारून आणलं."

"आणि हे चौदा? मी निळ्यानं लिहिलं होतं ग."

नीला संगणकाकडे वळली. श्रीधररावांनी चष्मा काढला. सगळा हिशोब त्यांच्या ध्यानात आला असावा, कारण ते खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश खाली बसले.

"पुण्याचे लोक दोनला बघून मोकळे झाले असते," ते हळूच म्हणाले. "तुझी चार वर्षं मी घालवली असती, बाळ."

"नाही घालवली ना सर. यशोवर्धनला निळ्याखालचं लाल दिसलं. तो म्हणाला, सरांचं असं कधी होत नाही. तुमची इतक्या वर्षांची शिस्त होती म्हणून त्याला शंका आली. नाहीतर कोण एवढं झूम करून बघतं?"

श्रीधररावांचे डोळे भरून आले होते. त्यांनी ते लपवले नाहीत. उठून माझ्यापाशी आले आणि माझ्या चौकटीवर हात ठेवून उभे राहिले. रिक्षात मला धरलं होतं तसेच. मग लाल पेन नीलापुढे धरलं.

"पाचवी खूण तू कर."

"सर, तुमची आहे ती. नऊ वर्षं..."

"कर म्हणतोय ना."

नीलाने खूण केली. ती जरा वाकडीच आली. माझ्या अंगावरची सगळ्यांत सुंदर रेघ आहे ती.

दुसऱ्या दिवशी पडदा लावायला माणसं आली. गंगव्वा स्पिरिटची बाटली घेऊन हजर. तिने माझं सगळं अंग पुसलं, नऊ वर्षांचे गिरगोटे घासून काढले, फक्त त्या एका ओळीभोवती बोटाने जागा राखली. "हितं न्हाई लावत," ती म्हणाली. मग जुन्या लुगड्यात गुंडाळून तिनेच मला श्रीधररावांच्या टेम्पोत चढवलं.

आता मी येलहंक्याला त्यांच्या स्वयंपाकघराशेजारच्या भिंतीवर आहे. श्रीधररावांच्या पत्नी सावित्रीबाई माझ्यावर गॅसवाल्याचा नंबर आणि भाजीची यादी लिहितात. त्यांना वरच्या ओळीचा अर्थ कळत नाही, पण ती पुसायची नाही एवढं ठाऊक आहे. विमानतळाकडून येणारी विमानं डोक्यावरून जातात, तेव्हा मी जरासा थरथरतो.

गेल्या महिन्यात नीला आली होती, पेढे घेऊन. गॅमा आणि क्ष-किरण त्या संध्याकाळी एकदमच चढले आणि एकदमच उतरले, तिने सांगितलं. त्यांचं घर एकच. रेडिओ मात्र आपली शांत, काहीच न घडल्यासारखी. तिचं घर दूर, झोताच्या पुढच्या टोकाला असावं. आणि हे छातीठोकपणे म्हणता आलं ते पाचांनीही एकाच वेळी पाहिलं म्हणून. शेवटचं प्रकरण लिहून झालंय. जाताना तिने पिशवीतून न पुसता येणारं पेन काढलं, ती ओळ, आकडे, पाचही खुणा तशाच गिरवल्या, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं, 'पुसू नका.'

श्रीधरराव रोज सकाळी चहाचा कप घेऊन माझ्यासमोर उभे राहतात.  कप ठेवण्याआधी एकदा बोटाने ते १४:०० चाचपतात, लालाखालचं निळं आणि निळ्याखालचं लाल अजून आहे ना, ते बघतात.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या भिंतीवर माझ्यासारखा कुणी डागाळलेला फळा असेल, तर त्याला घासण्याआधी एकदा जवळ जाऊन बघा. तो काहीतरी सांगत असेल.